विमा कंपनीची फाइल आणि राज्य आयोगातला पुनरीक्षण अर्ज: वापरून पाहिलेल्या सेवेचे परीक्षण

विमा कंपनीने दावा निम्म्यावर आणला, विमाधारक जिल्हा ग्राहक आयोगात गेला, तिथे त्याने कंपनीच्या फाइलमधले कागद मागितले, आयोगाने ते हजर करण्याचा आदेश दिला आणि मूळ तक्रारीवर पुरावा सुरू होण्याआधीच कंपनी त्या एका आदेशाविरुद्ध राज्य आयोगात गेली, तर त्या वरच्या पायरीवर सामान्य माणसाला काय मिळते आणि त्यासाठी काय मोजावे लागते, याचे हे परीक्षण आहे. या पायरीला कायद्यात पुनरीक्षण म्हणतात आणि कोर्टाच्या आवारात सगळे ‘रिव्हिजन’ म्हणतात. मी एका विमा कंपनीच्या दावे विभागात २७ वर्षे नोकरी केली असून ‘सदर आदेशाविरुद्ध पुनरीक्षण दाखल करावे’ अशा टिपण्या मी स्वतः कितीतरी लिहिल्या आहेत. निवृत्तीनंतर थोरल्या भावाच्या दुकानाच्या तक्रारीत मला समोरच्या बाजूला बसावे लागले, त्यामुळे हा अभिप्राय दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसाचा आहे.

दादाचे सिमेंट, प्लायवूड आणि रंगाचे दुकान नदीकाठच्या बाजारपेठेत आहे. जुलै २०२१ मध्ये कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात जो पूर आला, त्यात त्या दुकानात पुरुषभर पाणी चढले. कंपनीने नेमलेला सर्व्हेअर चौथ्या दिवशी आला, तेव्हा चिखल अजून ओला होता. त्याने दगड झालेली सिमेंटची पोती मोजली, फुगलेल्या प्लायवूडच्या पाट्या एकेक करून उचलून पाहिल्या, भिंतीवरच्या गाळाच्या रेषेला टेप लावली आणि मालाच्या यादीवर दादाची सही घेऊन तो गेला. नुकसान चौदा-साडेचौदा लाखांच्या घरात जाईल, असे तो जाता जाता म्हणाला होता. त्यानंतर अडीच महिन्यांनी दुकान धुऊन, चुना मारून झाल्यावर दुसरा सर्व्हेअर आला, अर्धा तास थांबला, आणि कंपनीने त्याच्या अहवालावर ६,१०,००० रुपये मंजूर केले. कंपनीच्या पत्रात पहिल्या सर्व्हेअरचा साधा उल्लेखही नव्हता.

इथे कायद्याची थोडी पार्श्वभूमी द्यावी लागते, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४यूएम प्रमाणे ठरावीक रकमेपुढच्या नुकसानीसाठी परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतो. तो अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे, सबळ कारण असेल तर त्यापासून दूर जाता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या निकालात म्हटले. त्याच वर्षी श्री वेंकटेश्वर सिंडिकेट विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली: कंपनीला दुसरा सर्व्हेअर नेमता येतो, पण पहिला अहवाल का मान्य नाही याची कारणे दिली पाहिजेत, आणि मनाजोगता अहवाल मिळेपर्यंत एकामागून एक सर्व्हेअर नेमत राहता येणार नाही. या दोन निकालांचा एकत्रित अर्थ असा की, आमची तक्रार उभी राहणार की पडणार हे आमच्याकडे नसलेल्या दोन गोष्टींवर ठरणार होते, एक म्हणजे पहिला अहवाल आणि दुसरे म्हणजे तो बाजूला ठेवताना कंपनीने फाइलवर जे लिहिले ते. दावे विभागात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते की खरा निर्णय विमाधारकाला पाठवलेल्या पत्रात नसतो, तो हिरव्या कागदावरच्या टिपणीत आणि सर्व्हेअरशी झालेल्या ई-मेलमध्ये असतो.

दुकानाचा विमा हा व्यापारी विमा असल्याने ग्राहक म्हणून तक्रार चालेल का, अशी शंका अनेकांना असते. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध हरसोलिया मोटर्स या २०२३ च्या निकालाने ती बऱ्याच अंशी मिटली आहे, कारण विमा हा नुकसान भरून घेण्याचा करार आहे, नफा कमावण्याचे साधन नव्हे, असे त्यात ठरले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे कोणत्या आयोगात जायचे हे दाव्याच्या रकमेवर नाही, भरलेल्या हप्त्यावर ठरते. त्यामुळे आमच्यासारख्या दुकानदाराची तक्रार जिल्हा आयोगातच बसते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला, म्हणजे इथे हप्त्याला, तक्रारीची फी नाही. तक्रार ऑगस्ट २०२२ मध्ये दाखल झाली. कंपनीचा लेखी जबाब ४४ व्या दिवशी आला. ४५ दिवसांची मर्यादा ओलांडली तर जबाबच घेता येणार नाही, हे हिल्ली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेजच्या प्रकरणात घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ठरवले आणि तेही विम्याचेच प्रकरण होते, त्यामुळे आता विमा कंपन्या या तारखेला फार जपतात.

मार्च २०२३ मध्ये आम्ही कागद मागणारा अर्ज दिला. कायद्याच्या कलम ३८(९) प्रमाणे दस्तऐवज उघड करायला आणि हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार जिल्हा आयोगाला आहेत. आम्ही तीन गोष्टी मागितल्या होत्या: पहिल्या सर्व्हेअरचा अहवाल जोडपत्रांसह, दोन्ही सर्व्हेअर आणि कंपनी यांच्यातला पत्रव्यवहार व त्यावरच्या अंतर्गत टिपण्या, आणि त्याच बाजारपेठेतल्या इतर ११ दुकानांच्या दाव्यांचे हिशेब. कंपनीने त्यावर ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, दाखल करून तिन्हीला विरोध केला. सप्टेंबर २०२३ मध्ये आयोगाने पहिल्या दोन मागण्या मान्य केल्या आणि तिसरी फेटाळली. दादाला या तिसरीचे फार वाईट वाटले, कारण शेजारच्या दुकानाला जास्त टक्के मिळाले अशी बाजारात कुजबुज होती. मला मात्र तो भाग बरोबर वाटला होता, आणि अर्ज लिहितानाच मी त्याला ‘हे मिळणार नाही’ असे बजावले होते. इतरांच्या फायली उलटून आपल्या उपयोगाचे काही हाती लागते का पाहणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात विहीर खणून पाणी लागते का बघणे होय. माझा भाचा डॅलसला विमा क्षेत्रातच आहे. त्याने कळवले की तिथेही हेच घडले होते. टेक्सासमध्ये सीडर हिल या गावी वादळाने घरांचे नुकसान झाल्यावर एका घरमालकिणीला खालच्या न्यायालयाने त्याच कंपनीकडच्या इतर विमाधारकांच्या फायली देवविल्या, आणि टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, नॅशनल लॉइड्स कंपनीच्या अर्जावर, मुख्य खटला चालायच्या आधीच तो आदेश काढून टाकला.

कंपनी राज्य आयोगात आली ती ८७ व्या दिवशी. पुनरीक्षणाला ९० दिवसांची मुदत असते आणि माझ्या नोकरीतल्या अनुभवाने सांगतो, मोठी कार्यालये ती जवळजवळ पूर्ण वापरतात, कारण शाखेकडून विभागाकडे, विभागाकडून वकिलाकडे आणि तिथून पुन्हा मंजुरीला अशी फाइल फिरते. या पायरीचे प्रवेशद्वार कसे आहे हे नीट पाहण्यासारखे आहे. जिल्हा आयोगाच्या अंतिम निकालाविरुद्ध कलम ४१ खाली अपील करायचे असेल तर ४५ दिवसांत यावे लागते आणि निकालातली अर्धी रक्कम आधी भरावी लागते. पुनरीक्षणाला अशी रक्कम भरण्याची अट नाही, कारण कागद हजर करण्याच्या आदेशात रक्कमच नसते. म्हणजे कंपनीसाठी हे दार उघडायला स्वस्त आहे. पण दार स्वस्त असले तरी आतली खोली अरुंद आहे. कलम ४७ प्रमाणे राज्य आयोगाला इतकेच पाहायचे असते की खालच्या आयोगाने नसलेला अधिकार वापरला का, असलेला वापरायचे नाकारले का, किंवा अधिकार वापरताना बेकायदा वा गंभीर अनियमितता केली का. आपण त्या जागी असतो तर वेगळा आदेश दिला असता, एवढ्याने भागत नाही.

या सेवेचे मोल मी ज्या एका कसोटीवर ठरवतो ती इथेच येते. विमा वादातल्या कागदांच्या आदेशावर वरच्या पीठाने जितका कमी हात घालावा तितकी ती सेवा चांगली. हे ऐकायला विचित्र वाटते, कारण दुकानातून आपण काही घेऊन बाहेर पडावे अशी आपली अपेक्षा असते, आणि इथे मी काहीही न देणाऱ्या दुकानाला गुण देतो आहे. परंतु यामागे जुनी आणि पक्की परंपरा आहे. एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर या १९७२ च्या निकालात हीच गोष्ट होती: खालच्या न्यायालयाने दस्तऐवज उघड करण्याचा आदेश दिला, उच्च न्यायालयाने तो पुनरीक्षणात फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयालाच सांगितले की हा तुमच्या हस्तक्षेपाचा विषय नव्हता. त्याच निकालात असेही आहे की मागितलेला कागद पुराव्यात ग्राह्य ठरेलच असे नाही. वादाच्या मुद्द्यावर त्याने काही प्रकाश पडत असेल तर तो उघड करायला लावता येतो. तो वाद विम्याचा नव्हता, पण विमा तक्रारीत तो जितका उपयोगी पडतो तितका क्वचितच कुठे पडत असेल, आणि माझ्या नोकरीच्या काळात आमचे वकील त्याचे नाव शक्यतो काढत नसत.

प्रत्यक्ष सुनावणीचा भाग मला समाधानकारक वाटला. आम्ही प्रतिवादी असल्याने फी भरावी लागली नाही. उत्तर मी मराठीत लिहिले, निकालांच्या प्रती जोडल्या, आणि दोनपैकी एका सुनावणीला मी घरून व्हिडिओवर हजर राहिलो. कंपनीचे मुद्दे तीन होते. पहिला मुद्दा असा की ग्राहक आयोगाची कार्यपद्धती संक्षिप्त आहे, त्यात दिवाणी न्यायालयासारखे कागदांचे शोधकाम बसत नाही. कलम ३८(९) चे शब्द वाचून दाखवल्यावर हा मुद्दा फार टिकला नाही. दुसरा मुद्दा असा की सर्व्हेअरशी झालेला पत्रव्यवहार गोपनीय आहे. तिसरा मुद्दा वकील आणि अशील यांच्यातल्या संरक्षित संवादाचा होता, आणि तो मात्र सरसकट झटकण्यासारखा नव्हता, कारण कंपनीने नोटिशीनंतर वकिलाचे दोन पानी मत घेतलेले होते आणि आमच्या अर्जातल्या ‘अंतर्गत टिपण्या’ या शब्दांत ते मतही ओढले जात होते.

पीठाने कंपनीला आधी कागदांची यादी द्यायला सांगितले, प्रत्येक कागदाची तारीख, तो कोणी कोणाला लिहिला आणि तो का देता येत नाही, अशा रकान्यांची. या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती, असे मी म्हणेन. तोवर दोन्ही बाजू ‘फाइल’ या एकाच शब्दावर भांडत होत्या. यादी आल्यावर कळले की वादातले कागद अवघे १७ आहेत, त्यातले १४ सर्व्हेअरशी झालेले ई-मेल आहेत, दोन टिपण्या आहेत आणि एक वकिलाचे मत आहे. सर्व्हेअर हा परवानाधारक, स्वतंत्र माणूस असतो, त्याचा अहवाल कायद्यानेच मागितलेला असतो, आणि त्या अहवालाची प्रत विमाधारकाला मिळावी हे नियामकाच्या नियमांतही आहे. त्यामुळे त्याच्याशी झालेला पत्रव्यवहार वकिलाशी झालेल्या बोलण्याच्या पंक्तीला बसवता येत नाही. पीठाने तसेच धरले. वकिलाचे मत आदेशातून वगळले, उरलेले १६ कागद ३० दिवसांत जिल्हा आयोगात हजर करायला सांगितले, आणि फाइलमध्ये याखेरीज संबंधित कागद नाहीत असे जबाबदार अधिकाऱ्याचे शपथपत्र मागितले. मला हा आदेश नेटका वाटला. एक कागद वगळला गेला त्याबद्दल माझी तक्रार नाही. कंपनीत असताना मी तोच कागद वाचवायला धडपडलो असतो आणि तो वाचायलाच हवा होता.

आता किमतीकडे वळतो. पैशांत ही सेवा आम्हाला झेरॉक्स, टपाल आणि प्रवास धरून काही हजारांत पडली. खरी किंमत वेळेची आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दाखल झालेले पुनरीक्षण फेब्रुवारी २०२५ मध्ये निकाली निघाले, म्हणजे १४ महिने लागले. आठ तारखांपैकी पाच तारखा कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितल्याने गेल्या, एक माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने गेली आणि दोनच तारखांना युक्तिवाद झाला. तिसऱ्या मुदत अर्जावर पीठाने २,००० रुपये खर्च बसवला, त्यानंतर वेग आला. या १४ महिन्यांत खाली काय चालले होते, तर काहीच नाही. पुनरीक्षण दाखल केले म्हणून खालचे काम आपोआप थांबत नाही, त्यासाठी स्थगितीचा स्पष्ट आदेश लागतो, आणि आमच्या प्रकरणात तसा आदेश नव्हता. तरीही कंपनीने ‘वरिष्ठ आयोगात पुनरीक्षण प्रलंबित आहे’ अशी दोन ओळींची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली आणि रोजनाम्यावर, म्हणजे आयोगाच्या तारखांच्या नोंदीत, तारखेमागून तारीख ‘पुनरीक्षणाच्या निकालासाठी’ पडत गेली. हे मला तिसऱ्या तारखेलाच उमगायला हवे होते. स्थगिती नसेल तर त्याच दिवशी अर्ज देऊन ‘तक्रार पुढे चालवावी’ असे मागायला हवे, आणि रोजनाम्याची नक्कल काढून ती राज्य आयोगात दाखवायला हवी. आम्ही हे सातव्या महिन्यात केले. त्या उशिराचा दोष माझाच आहे.

कायद्यातली एक फटही इथे नोंदवतो. जिल्हा आयोगाने साधी तक्रार सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कलम ३८ म्हणते. अपील दाखल करून घेतल्यापासून ९० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कलम ५२ म्हणते. पण कलम ५२ मधला शब्द ‘अपील’ आहे, पुनरीक्षण नव्हे. ज्या अर्जामुळे खालची संपूर्ण तक्रार ताटकळते, त्याच अर्जासाठी घड्याळ नाही. दावे विभागात बसून मी ही फट वापरलेली आहे, हे कबूल करतो. अशी टिपणी लिहिताना कागद उघड झाला तर काय होईल याची भीती दर वेळी नसायची. अनेकदा एका शाखेत कागद दिला की सगळ्या शाखांत द्यावा लागेल, ही धास्ती असायची, आणि विमाधारक थकून तडजोडीला येईल हा हिशेब कोणी कागदावर लिहीत नसले तरी तो सगळ्यांच्या डोक्यात असायचा.

बाजारात याच कामाची दुसरी दुकानेही आहेत, त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय परीक्षण पुरे होत नाही. दिवाणी न्यायालयात दावा लावला तर कागद उघड करण्याचे नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ मध्ये आहेत. तिथे गंमत अशी की कागद उघड करण्याच्या मूळ आदेशाविरुद्ध अपील नाही, पण तो आदेश न पाळल्याबद्दल नियम २१ खाली बचाव काढून टाकला किंवा दावा फेटाळला तर त्याविरुद्ध आदेश ४३ प्रमाणे अपील आहे. कलम ११५ चे पुनरीक्षणही १ जुलै २००२ पासूनच्या दुरुस्तीने अशा आदेशांपुरते जवळजवळ बंद झाले, कारण आदेश उलटा झाला असता तर दावाच संपला असता, अशाच आदेशाला आता ते चालते. मग उरते ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खालची उच्च न्यायालयातली याचिका, आणि ती जपून, क्वचितच वापरण्याची गोष्ट आहे असे शालिनी श्याम शेट्टी विरुद्ध राजेंद्र शंकर पाटील या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. काही मिळाले नाही तरी कलम १०५ मुळे अंतिम निकालावरच्या अपिलात ‘तो आदेश चुकीचा होता’ हा मुद्दा घेता येतो, म्हणून मध्येच वर न गेल्याने हक्क बुडत नाही.

वाणिज्य न्यायालयाचा मार्ग कागदांच्या दृष्टीने सर्वांत कडक आणि मला विचाराल तर सर्वांत सरस आहे. वाणिज्य न्यायालय कायदा, २०१५ मध्ये विमा आणि पुनर्विमा यांचे वाद स्पष्टपणे घातले आहेत आणि २०१८ पासून ३ लाखांपासूनचे वाद तिथे जातात. तिथला आदेश ११ वेगळा आहे: आपल्या ताब्यातले सगळे संबंधित कागद, स्वतःच्या विरुद्ध जाणारेही, सुरुवातीलाच द्यावे लागतात, मागायची वाट पाहायची नसते. कलम ८ ने अंतरिम आदेशांविरुद्धचे पुनरीक्षण बंद केले आहे आणि कलम १३ ने अपील आदेश ४३ च्या यादीपुरते ठेवले आहे. म्हणजे मी वर ज्या १४ महिन्यांबद्दल रडलो, त्यांचे दारच तिथे लावून घेतलेले आहे. उलट बाजूला दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी, वकिलाचा खर्च आणि तातडीचा दिलासा नको असेल तर आधी मध्यस्थीची सक्ती, हे सगळे येते, आणि आठ-साडेआठ लाखांच्या फरकासाठी दुकानदार ते करत नाही. विमा लोकपालाकडे एकट्या मालकीच्या दुकानाला जाता येते, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंत निवाडा मिळू शकतो. पण तिथे एका वर्षाच्या आत जावे लागते, आणि कोऱ्या कागदावरून तपास करण्यापेक्षा दिलेल्या कागदांवर निवाडा करणे हे त्याचे काम आहे. कंपनी सरकारी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज हा पन्नास पैशांच्या किल्लीने मोठे कुलूप उघडण्याचा प्रकार ठरू शकतो, तो आधी करून पाहावा.

एक पर्याय मी पुढच्या वेळी अधिक गंभीरपणे घेईन. कंपनी आदेश होऊनही कागद देत नसेल तर प्रत्येक वेळी त्याच्यामागे धावायला हवेच असे नाही. कल्याणजवळच्या हाजी मलंग दर्ग्याच्या जमिनीच्या वादात, गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध मोहमद हाजी लतीफ या १९६८ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सिद्ध करण्याचा भार आपल्यावर नसला तरी ज्याच्या ताब्यात महत्त्वाचा कागद आहे त्याने तो दडवला तर न्यायालय त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकते. नव्या साक्ष अधिनियमातही कलम ११९ मध्ये हे गृहीतक आहे. तेव्हा ‘कागद द्या’ असा अर्ज करतानाच ‘न दिल्यास तो कंपनीच्या विरुद्ध होता असे धरावे’ ही दुसरी विनंती जोडावी. अशा आदेशावर वर जाताना कंपनीचा वकील दोनदा विचार करतो, कारण वर गेल्याने थांबण्यासारखे खाली काही उरत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी पुनरीक्षणाच्या या सेवेला साडेतीन देईन. निर्णयाच्या गुणवत्तेला, यादी मागवण्याच्या पद्धतीला आणि वकिलाशिवाय माणसाचे ऐकून घेण्याला पूर्ण गुण. वेळेला, म्हणजे कायद्याने वेळच न ठरवण्याला, दीड गुण वजा. ज्याच्या तक्रारीचा सगळा डोलारा कंपनीच्या एखाद्या नेमक्या कागदावर उभा आहे त्याने कंपनीच्या पुनरीक्षणाला घाबरू नये, यादी मागावी आणि वकिलाचे मत मागण्याचा हट्ट आधीच सोडावा. ज्याची तक्रार मुळात हिशेबाची आहे, कागद काहीही आले तरी बदलणार नाही, त्याने असा अर्जच करू नये, कारण अर्ज म्हणजे कंपनीला वर जायला दिलेले तिकीट असते.

मार्च २०२५ मध्ये कंपनीने १६ कागद हजर केले आणि आम्ही त्यांची नक्कल घेतली. पहिला अहवाल नऊ पानांचा निघाला. त्यात गाळाच्या रेषेची उंची पाच फूट आठ इंच लिहिली होती, जोडपत्रात दादाच्या मुनिमाच्या अक्षरातली मालाची यादी होती, आणि शेवटच्या पानावर नुकसानीचा आकडा १४,६२,००० रुपये होता. दादाने ते पान चष्मा वर करून जवळ धरले आणि फक्त एवढेच म्हणाला, “हा माणूस खोटं बोलला नव्हता तर.” ई-मेलमध्ये अहवालानंतर आठ दिवसांनी कंपनीने सर्व्हेअरला आकड्याचा फेरविचार करायला सांगितले होते, त्याने एका ओळीत नकार दिला होता, आणि त्यानंतर पाच दिवसांनी दुसऱ्या सर्व्हेअरच्या नेमणुकीचे पत्र निघाले होते; नेमणुकीचे कारण टिपणीत ‘आवश्यक वाटल्याने’ इतकेच होते. तो अहवाल आता मूळ तक्रारीत निशाणी ४१ म्हणून लागला आहे आणि तक्रार युक्तिवादासाठी ठेवलेली आहे.